साडेपंचावन्न टक्क्यांचा कौल

तापीचे खोरे आणि सातपुड्याची रांग यांच्या मधल्या काळ्या मातीच्या मुलखात, शहादे तालुका आहे. हा सारा प्रदेश जेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत होता आणि नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा होण्यास अद्याप अडतीस वर्षांचा अवकाश होता, त्या काळी, म्हणजे १ मे १९६० रोजी, द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. आणि त्या वाटणीत नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवे व तळोदे या शेजारच्या तालुक्यांतील अनेक गावे गुजरातेकडे वर्ग झाली. आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात असलेला उच्छल-निझरकडील मुलूख हा त्याच वाटणीचा वारसा होय. भिली, गुजरी आणि अहिराणी या बोली ज्या प्रदेशात एकाच बाजारात ऐकू येतात, तेथे भाषेची रेघ कोठे ओढावयाची हा प्रश्न विद्वानांनाही कठीण वाटावा असा आहे. परंतु ज्यांची घरे, शेते आणि जमाबंदीची दप्तरे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, त्यांच्यापुढे मतपेटी ठेवून त्यांचा कौल घेतला गेला नाही. तो घेण्याचे कायदेशीर बंधनही नव्हते. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेस दिला आहे, आणि संसदेने तो साध्या बहुमताने वापरावा असा तेथील बंदोबस्त आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले पाहिजे एवढीच अट आहे, ते मानले पाहिजे अशी अट नाही.

सात वर्षे पुरी होण्यापूर्वीच मात्र पश्चिम किनाऱ्यावरील दुसऱ्या एका मराठी-कोंकणी मुलखात, गोव्यात, हाच प्रश्न प्रत्यक्ष प्रजेपुढे मांडला गेला. राज्यसीमेचा प्रश्न सोडविण्याकरिता संसदेने खास अधिनियम करून लोकांचे मत अजमाविले, असे उदाहरण आपल्या देशात दुर्मीळ आहे. आणि त्या कौलाचा आकडा ज्या प्रकारचा निघाला त्यामुळे या लेखाच्या मूळ प्रश्नाचा, म्हणजे थोडक्या फरकाने लागलेला सार्वमताचा निकाल पुन्हा मतास टाकावा काय याचा, विचार करण्यास त्याहून अधिक उपयुक्त असे दुसरे उदाहरण मराठी वाचकाला घरबसल्या मिळणार नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेचा अंत झाला. त्यानंतर डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे असा उघड पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विरोधी बाकांवर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. निवडणूक जिंकली म्हणजे विलीनीकरणास लोकांची संमती मिळाली, असे एका पक्षाचे म्हणणे. निवडणुकीत माणूस आणि पक्ष निवडला जातो, प्रांताचे भवितव्य ठरविण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे, असे दुसऱ्याचे. हा वाद दिल्लीपर्यंत गेला, तेथे पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या काँग्रेस नेत्यांनी स्वतंत्र कौलाच्या बाजूने खटपट केली, आणि अखेर १९६६ च्या डिसेंबरात संसदेने गोवा, दमण व दीव यांच्यासाठी जनमत कौलाचा अधिनियम संमत केला. सत्तेवरील पक्षाने सरकारी यंत्रणा आपल्या बाजूस वापरली असा आक्षेप राहू नये म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने कौलापूर्वी राजीनामा दिला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पराभूत पक्षाने निकाल का मानावा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या राजीनाम्यात सामावलेले आहे.

मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. एका बाजूस बा. द. सातोस्कर यांच्या संपादकत्वाखालील ‘गोमन्तक’, दुसऱ्या बाजूस ‘राष्ट्रमत’ आणि त्यातील उदय भेंब्रे यांची लेखणी. एका बाजूस मराठीचा, मंदिरांचा आणि सह्याद्रीपलीकडील आप्तसंबंधांचा हवाला, तर दुसऱ्या बाजूस रवींद्र केळेकरांसारख्यांनी मांडलेला कोंकणीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा दावा. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ३,८८,४३२ नोंदलेल्या मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. ७,२७२ मतपत्रिका बाद ठरल्या. दोन पानांस १,७२,१९१ आणि फुलास १,३८,१७० मते पडली. वैध मतांच्या हिशेबाने हा कौल साडेपंचावन्न टक्के विरुद्ध साडेचव्वेचाळीस टक्के असा होतो. अंतर ३४,०२१ मतांचे.

हे अंतर फार की थोडे? टक्केवारीकडे पाहणारा म्हणेल की अकरा टक्क्यांची आघाडी म्हणजे निर्विवाद बहुमत. आकडा उलटा वाचणारा म्हणेल की केवळ १७,०११ मतदारांनी पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर गोव्याचा इतिहास बदलला असता, आणि मतदानास न आलेल्यांची संख्याच ७०,७९९, म्हणजे या अंतराच्या दुपटीहून अधिक आहे. त्यातच भर म्हणून प्रदेशाप्रदेशांतील तफावत: साष्टीने विलीनीकरण मोठ्या संख्येने धुडकावले, तर पेडणे, डिचोली, सत्तरी यांनी त्यास अनुकूल मत दिले. शिवाय उपजीविकेसाठी मुंबईत किंवा अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांना या कौलात मत नव्हते. आणि या सर्वांवर कडी करणारी घटना अवघ्या अडीच महिन्यांत घडली. मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी ३० पैकी १६ जागा देऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसविले. ज्या पक्षाचा एकमेव मोठा प्रस्ताव जानेवारीत लोकांनी फेटाळला, त्याच पक्षाच्या हाती त्यांनी मार्चअखेर कारभार दिला. फेरकौलाची मागणी करावयाची असती तर याहून सोयीचा आधार कोणास मिळाला नसता. परंतु फेरकौल झाला नाही. बांदोडकरांनी निकाल स्वीकारला, केंद्रशासित गोव्याचे मुख्यमंत्री म्हणून ते पुन्हा कारभार पाहू लागले आणि १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

ते योग्य झाले काय? माझ्या मते योग्यच झाले. तथापि “बहुमत ते बहुमत, एक मत अधिक पडले तरी पुरे” एवढे म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

निवडणुकीच्या बाबतीत आपला कायदा एका मताच्या फरकालाही पूर्ण मान देतो हे खरे. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने पराभूत झाले. त्यांचे नाव मुख्यमंत्रिपदासाठी घेतले जात होते, पण अंतर थोडे म्हणून मतदान पुन्हा झाले नाही. मते अगदी समसमान पडली तरी कायदा मतदारांना पुन्हा बोलावीत नाही, चिठ्ठी काढतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मते पडली तेव्हा निकाल ईश्वरचिठ्ठीने लागला, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत तर ही चिठ्ठी खेड्यापाड्यांतील लोकांच्या परिचयाची आहे. यामागील न्याय साधा आहे. शेताच्या मोजणीत साखळी चुकली असेल तर फेरमोजणीचा अर्ज करता येतो; बांध शेजाऱ्याच्या बाजूने दोनच हात निघाला, एवढ्या कारणाने तो करता येत नाही. मोजणीतील चूक आणि मोजणीतून निघालेले थोडके अंतर या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि फेरमतदानाचा पुष्कळसा वाद त्यांची गल्लत केल्यामुळे माजतो.

पण सार्वमत म्हणजे निवडणूक नव्हे, आणि फेरकौलाचा पुरस्कार करणाऱ्यांचे खरे बळ येथेच आहे. निवडून दिलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा दाराशी येतो. त्यास घरी पाठविता येते. सार्वमताने घेतलेला निर्णय पाच वर्षांनी आपोआप परत येत नाही, आणि काही निर्णय तर कधीच परत येत नाहीत. यास्तव निकाल किती मतांनी लागला हे विचारण्यापूर्वी तो निकाल पुढे फिरविता येण्याजोगा आहे काय, हे विचारले पाहिजे. गोव्याच्या कौलाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील दोन पर्याय वरून समान दिसत असले तरी परिणामांच्या दृष्टीने किती असमान होते, हे ध्यानात येते. दोन पाने जिंकली तेव्हा गोवा होता तसाच राहिला. विलीनीकरणाची वाट कायमची बुजली नाही, पुढील पिढीस तो प्रश्न पुन्हा उपस्थित करण्याचा अधिकार शिल्लक राहिला. फूल जिंकले असते तर मात्र गोवा हा महाराष्ट्राचा एक भाग झाला असता, त्याची विधानसभा विसर्जित झाली असती, आणि दहा वर्षांनी लोकांचे मन पालटले असते तरी तो प्रश्न विचारण्यासाठी गोवा नावाचे राजकीय एकक उरले नसते. म्हणजे त्याच ३४,०२१ मतांचे अंतर एका दिशेने निश्चिंतपणे स्वीकारण्याजोगे, तर दुसऱ्या दिशेने काळजी वाटावी असे होते.

याचा पुरावा आपल्याच उपखंडाच्या इतिहासात आहे. फाळणीच्या आधी, जुलै १९४७ मध्ये, आसामातील सिल्हेट जिल्ह्याने आसामात राहावे की पूर्व बंगालास मिळावे यावर मतदान झाले. पूर्व बंगालच्या बाजूने २,३९,६१९ आणि आसामच्या बाजूने १,८४,०४१ मते पडली. सुमारे साडेछप्पन्न टक्क्यांचा, म्हणजे गोव्याच्या कौलाशी जवळजवळ समान असा हा निकाल; आणि चहाच्या मळ्यांतील असंख्य मजुरांची नावे मतदारयादीत नव्हती हा आक्षेप त्यास तेव्हापासून चिकटलेला आहे. परंतु पुढील महिन्यातच त्या जिल्ह्याचा बहुतांश पाकिस्तानात गेला. करीमगंजचा भाग सीमा आयोगाने भारताकडे ठेवला, बाकीच्यास पुन्हा विचारण्याचा मार्गच राहिला नाही. ज्याची यादी सदोष आणि ज्याचा परिणाम अटळ, असा कौल काही आठवड्यांत घाईने उरकणे ही मोठी चूक होती, आणि ती चूक मतमोजणीनंतर दुरुस्त करता येण्याजोगी नव्हती.

मग उपाय कोणता? ज्या बदलातून माघार नाही त्यासाठी साध्या बहुमताहून अधिक मते मागावीत, असा एक उपाय सुचविला जातो. तो मला तत्त्वतः मान्य आहे, परंतु पट्टी कोठे लावावयाची यावर सारे अवलंबून असते. माँटेनेग्रोने २००६ साली सर्बियापासून विभक्त होण्याचा प्रश्न लोकांपुढे ठेवला तेव्हा युरोपीय संघाच्या आग्रहावरून वैध मतांपैकी ५५ टक्के मते विभक्ततेच्या बाजूने पडली पाहिजेत अशी अट आधीच ठरली होती. निकाल लागला साडेपंचावन्न टक्क्यांचा, म्हणजे गोव्याच्या आकड्याशी दशांशापर्यंत जुळणारा. अट अर्ध्या टक्क्याने पुरी झाली आणि नवे राष्ट्र जन्मास आले. अट आधी लिहिलेली असल्यामुळे सर्बियानेही तो निकाल मानला. याउलट स्कॉटलंडमध्ये १९७९ साली स्वतंत्र विधानसभेच्या बाजूने ५१.६ टक्के मते पडूनही ती झाली नाही, कारण नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांची अनुमती हवी अशी तेथील अट होती, आणि ती ३२.९ टक्क्यांवरच थांबली. अशा अटीत घरी बसलेला मतदार, गाव सोडून गेलेला मतदार आणि यादीतून नाव न वगळलेला मृत मतदारही विरोधात मोजला जातो. अठरा वर्षांनी, १९९७ मध्ये, तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा ७४ टक्क्यांहून अधिक स्कॉटिश मतदारांनी होकार दिला.

नोंदलेल्या मतदारांवर मोजणी करणारी ही पद्धत परदेशातील म्हणून दूरची वाटू नये, कारण महाराष्ट्रातील खेड्यांत ती दारूच्या दुकानांच्या बाबतीत आजही चालते. परवानाप्राप्त दारू दुकान बंद व्हावे असा अर्ज गावातील एकचतुर्थांश महिला मतदारांनी सह्यानिशी केला म्हणजे गुप्त मतदान घेतले जाते. बंद करण्यासाठी आडवी बाटली, चालू ठेवण्यासाठी उभी बाटली अशी चिन्हे असतात. आणि दुकान बंद होण्यास नुसते मतदानास आलेल्यांपैकी बहुमत पुरत नाही, यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. शहादे तालुक्यातील वाचकास या व्यवस्थेचे मर्म विशेष जाणवेल. १९७२-७३ च्या सुमारास याच तालुक्यात श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आदिवासी स्त्रिया गावोगाव गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. त्या वेळी कोणी टक्केवारी मोजली नव्हती, प्रत्यक्ष जमलेल्या स्त्रियांचे धैर्य हेच बहुमत होते. पुढील काळात त्याच आकांक्षेस मतपेटीचा सनदशीर मार्ग मिळाला, परंतु ऊसतोडीस गेलेली, मजुरीसाठी गुजरातेत गेलेली, सासरी नांदावयास गेलेली, पण नाव मात्र माहेरच्या यादीत राहिलेली प्रत्येक स्त्री या मोजणीत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. दुकान बंद होणे ही न परतणारी गोष्ट नव्हे. एवढ्या सौम्य बदलास इतकी जड अट लावणे मला अन्यायाचे वाटते. गोव्याच्या कौलास हीच पट्टी लावून पाहावी. एकूण मतदारांशी तुलना केली असता दोन पानांस ४४.३ टक्के आणि फुलास ३५.६ टक्के मते होती; म्हणजे निम्म्याची अट असती तर दोन्ही पक्ष पराभूत ठरले असते आणि निकाल अखेर त्या अटीने लावला असता, लोकांनी नव्हे.

अट जड असो वा हलकी, ती कौलापूर्वी ठरली पाहिजे, यावर मात्र मी कोणतीही तडजोड करावयास तयार नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने ५१.९ आणि विरुद्ध ४८.१ टक्के मते पडली, तेव्हा ६० टक्क्यांहून कमी बहुमत आणि ७५ टक्क्यांहून कमी मतदान असल्यास सार्वमत पुन्हा घ्यावे अशी मागणी करणाऱ्या अर्जावर ४१ लाखांहून अधिक सह्या झाल्या. सह्या करणारे बहुतेक संघात राहू इच्छिणारे होते; पण तो अर्ज मुळात मतदानापूर्वी संघ सोडण्याच्या एका पुरस्कर्त्याने, आपला पक्ष हरेल या अपेक्षेने दाखल केला होता. त्याच बाजूचे नेते नायजेल फराज यांनीही निकाल बावन्न-अठ्ठेचाळीस असा आपल्याविरुद्ध लागल्यास प्रश्न मिटणार नाही, असे मे महिन्यातच सांगून ठेवले होते. निकाल त्याच प्रमाणात त्यांच्या बाजूने लागला तेव्हा तो मिटला असे त्यांनी मानले. मनुष्यस्वभावाचा हा धर्मच आहे की आपण हरलो म्हणजे अंतर थोडे वाटते आणि आपण जिंकलो म्हणजे पुष्कळ. म्हणूनच किती अंतर पुरे, हा निर्णय कोण हरणार हे कोणासही ठाऊक नसताना घेतला गेला पाहिजे. ब्रिटनच्या संसदेचा खरा दोष थोडक्या बहुमताचा निकाल मानण्यात नव्हता. संघ सोडणे म्हणजे नेमके कोणत्या अटींवर सोडणे, हे न ठरविता प्रश्न विचारण्यात होता. अटींचा मसुदा तयार झाल्यावर तो लोकांपुढे ठेवण्याची तरतूद मूळ अधिनियमातच असती, तर दुसरे मतदान कोणासही पहिल्याचा अवमान वाटले नसते. ती नसल्यामुळे पुढील साडेतीन वर्षे फेरकौलाची प्रत्येक मागणी विश्वासघातासारखी भासत राहिली.

दुसऱ्यांदा विचारणे कधीच न्याय्य नसते असे यावरून कोणी समजू नये. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये मास्ट्रिख्टचा करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला; त्यानंतर चलन, संरक्षण इत्यादी बाबतींत डेन्मार्कास सवलती देणारा ठराव एडिंबरा येथे झाला, आणि मे १९९३ मध्ये त्या बदललेल्या प्रस्तावास ५६.७ टक्के डॅनिश मतदारांनी मान्यता दिली. आयर्लंडने २००८ साली लिस्बन करार फेटाळला व तटस्थता, करआकारणी इत्यादी विषयांवर हमी मिळाल्यावर २००९ साली ६७ टक्क्यांनी स्वीकारला. होकार मिळेपर्यंत विचारीत राहावयाचे, अशी टीका या दोन्ही देशांवर झाली आणि तीत तथ्यांश आहे. तथापि पहिला नकार जिथे सरकारास नवी सौदेबाजी करावयास लावतो आणि दुसऱ्या मतपत्रिकेमागे खरोखरच निराळा प्रस्ताव उभा असतो, तिथे दुसरा कौल पहिल्याचे फळ असते. प्रश्न तसूभरही न बदलता, केवळ उत्तर आवडले नाही म्हणून पुन्हा विचारणे ही गोष्ट वेगळी.

न्यायालयांनी घालून दिलेली उदाहरणे याहूनही बोधप्रद आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विवाहितांवरील कराच्या प्रश्नावर मतदान होऊन प्रस्ताव ५०.८ टक्क्यांनी फेटाळला गेला. मतदारांस दिलेल्या सरकारी माहितीत त्या कराचा अन्याय सोसणाऱ्या जोडप्यांची संख्या सुमारे ८०,००० सांगितली होती. ती वस्तुतः साडेचार लाखांच्या घरात असल्याचे पुढे उघड झाले आणि २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द ठरविले. ऑस्ट्रियातील राष्ट्राध्यक्षपदाच्या २०१६ मधील निवडणुकीत अंतर ३०,८६३ मतांचे होते; टपालमतांच्या मोजणीत नियमभंग झाल्याचे सिद्ध होताच न्यायालयाने ती पुन्हा घेण्यास लावली. दोन्ही ठिकाणी रद्दबातलतेचे कारण अंतर नव्हते, दोष होता. अंतराचा उपयोग एवढाच झाला की त्या दोषाचा निकालावर परिणाम झाला असणे शक्य आहे, असे न्यायाधीशांस म्हणता आले. निकालाचा थोडकेपणा हा स्वतः आरोप होऊ शकत नाही, सिद्ध झालेल्या आरोपाचे गांभीर्य मात्र तो वाढवितो. आणि ते ठरविण्याचे काम सह्यांच्या संख्येवर न सोपविता न्यायासनाकडे द्यावे, ही रीत आपण उचलण्याजोगी आहे.

राहतो प्रश्न अशा पराभवाचा, ज्यात दोष नाही, प्रश्न बदललेला नाही, केवळ अंतर थोडे आहे. आयर्लंडने १९९५ साली घटस्फोटास परवानगी दिली ती अवघ्या ९,११४ मतांनी. एका बाजूस धर्मश्रद्धा, दुसऱ्या बाजूस उद्ध्वस्त संसारांची सुटका. कटुता विलक्षण होती, निकालास न्यायालयात आव्हानही दिले गेले, परंतु फेरकौल झाला नाही. १९९५ च्या नव्या तरतुदीने कोणावरही घटस्फोट लादला नव्हता, आणि तिचा उपयोग न करण्यास विरोधक पूर्ण मोकळे होते; हळूहळू समाजाने ती आत्मसात केली आणि २०१९ मध्ये तिच्यातील प्रतीक्षेची जाचक अट शिथिल करण्याच्या प्रस्तावास ८२ टक्के मते मिळाली. याचा अर्थ असा की थोडक्या मतांचा विजय टिकतो तो जिंकलेल्यांनी हरलेल्यांस किती जागा ठेवली यावर.

गोव्याने ती जागा ठेवली काय? पुष्कळ अंशी ठेवली, असे मी म्हणेन. कौलात हरलेला पक्ष त्याच वर्षी सत्तेवर येऊ शकला आणि १९७९ पर्यंत राहिला. ज्या साडेचव्वेचाळीस टक्क्यांचे फूल कोमेजले, त्यांस आपली माणसे मंत्रालयात दिसत होती, गावोगाव मराठी शाळा चालत होत्या. भाषेचा प्रश्न मात्र धुमसत राहिला आणि १९८०-९० च्या दशकात त्याचे आंदोलन रस्त्यावर उतरून रक्तही सांडले; अखेर १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरी कोंकणी ही राजभाषा झाली, त्याच अधिनियमात मराठीच्या शासकीय वापराची तरतूद करण्यात आली, आणि त्या वर्षीच्या ३० मे रोजी गोवा भारताचे पूर्ण राज्य झाले. १९६७ च्या मतपत्रिकेवर पूर्ण राज्य हा पर्यायच नव्हता, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. लोकांनी विलीनीकरण नको एवढे सांगितले होते. त्याऐवजी नेमके काय हवे, ते ठरावयास वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांत जुन्या मतपत्रिका पुन्हा मोजण्याची किंवा तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची कोणास आवश्यकता भासली नाही.

ज्या महिन्यांत गोव्याच्या कौलाचा अधिनियम संसदेत तयार होत होता, त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, बेळगाव-कारवारच्या मराठी सीमाभागासाठी मात्र केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. एकास मतपेटी, दुसऱ्यास आयोग. आयोगाने १९६७ मध्ये दिलेला अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला आणि ८६५ गावांचा तो कज्जा आजही निकालात निघालेला नाही. त्या गावांत कधी काळी लोकमत घ्यावयाचे ठरलेच, तर गोव्याच्या अनुभवावरून काही गोष्टी अधिनियमातच लिहून ठेवाव्या लागतील: खेडे हा घटक धरावयाचा की तालुका, कारण साष्टी आणि पेडणे यांची बेरीज एक उत्तर देते आणि वजाबाकी निराळे, नोकरीसाठी पुण्या-मुंबईस वा बंगळुरास गेलेल्यांची नावे यादीत राहतील की नाही, राज्य बदलण्यास वैध मतांपैकी किती मते लागतील, कौलाच्या काळात दोन्ही बाजूंच्या सरकारांचा कारभार कोण पाहील, यादीतील वा माहितीतील दोषाची तक्रार कोणत्या न्यायालयात आणि किती दिवसांत रुजू करावयाची, आणि जे गाव थोडक्या मतांनी जिथे होते तिथेच राहील, त्यास तोच प्रश्न पुन्हा विचारण्याचा अधिकार किती वर्षांनी मिळेल. माझ्या मते ती मुदत एका पिढीची, म्हणजे पंचवीस वर्षांची असावी; आणि जे गाव राज्य बदलील त्यातील अल्पसंख्य भाषेच्या शाळा आणि त्या भाषेतील दप्तर त्या संपूर्ण मुदतीत चालू ठेवण्याचे बंधन नव्या राज्यावर असावे.